डाव्या चाकाची टकटक : इलेक्ट्रिक डिलिव्हरी व्हॅनच्या रॅक एंडचं काम

१० ऑगस्ट २०२५, रविवार. मीटर ३८,४१२ कि.मी.

आमची व्हॅन चालवणारे मामा चार दिवसांपासून म्हणत होते, "ताई, डाव्या अंगानं काहीतरी टकटकतंय." आज कासच्या फेरीला मी स्वतः शेजारी बसले. साताऱ्यातून पोवई नाका, राजवाडा करेपर्यंत काही कळलं नाही, रहदारीचाच गोंगाट. समर्थ मंदिर मागे टाकून यवतेश्वरचा घाट लागला आणि पहिल्याच वळणावर ऐकू आलं. टक. मग थोडं थांबून पुन्हा टक. वळण डावीकडचं असो की उजवीकडचं, आवाज डाव्या पुढच्या चाकाकडूनच. ब्रेक दाबल्यावर येत नाही. वेग कमी, रस्ता उखडलेला आणि स्टेअरिंग थोडं वळलेलं असं जुळून आलं की हमखास येतो.

आधीच्या डिझेल टेम्पोत हा आवाज मला ऐकूच आला नसता. इंजिनच्या धडधडीत असले बारीक आवाज बुडून जातात. ही गाडी चालताना फक्त मोटरची बारीक शीळ आणि टायरची घरघर, त्यामुळे खालचा प्रत्येक सांधा बोलला की कळतो. मामांचा कानही तयार आहे, तीस वर्षं स्टेअरिंगवर बसलेला माणूस.

उतरताना स्टेअरिंगचा मोकळा खेळ पाहिला. गाडी उभी, चाकं सरळ. चाक हलायला लागायच्या आधी स्टेअरिंगची कड साधारण ४ सें.मी. रिकामी फिरते. हे जास्त आहे.

११ ऑगस्ट

सर्व्हिस सेंटरला दाखवली. त्यांचं म्हणणं, रॅक असेंब्ली (स्टेअरिंग फिरलं की दोन्ही चाकं वळवणारा आडवा दांडा आणि त्याचे सांधे) पूर्ण बदला; ₹१४,२०० अधिक मजुरी, माल यायला तीन आठवडे. नेमका कुठला सांधा ढिला आहे हे विचारलं, तर "आम्ही सुटा भाग बदलत नाही" एवढंच उत्तर. तीन आठवड्यांत गणपती येऊन बसतील. २७ तारखेला चतुर्थी, आणि आमचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे त्या दहा दिवसांतले पेढे, खवा आणि पनीर.

दादाला फोन केला. दादा म्हणजे माझा मोठा मावसभाऊ, जुन्या एमआयडीसीत त्याचं गॅरेज आहे, आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या कामाचं प्रशिक्षण त्याने रीतसर घेतलंय. मी आयटीआयला मोटर मेकॅनिक शिकले ती त्याच्याकडे बघूनच. तो म्हणाला, "आधी सांधा शोधू, मग पैशाचं बोलू."

१३ ऑगस्ट

गॅरेजमध्ये तपासणी. पुढचं डावं चाक उचललं. वर-खाली धरून हलवलं, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर हात ठेवून : अजिबात खेळ नाही. व्हील बेअरिंग आणि खालचा बॉल जॉइंट निर्दोष. मग ९ आणि ३ वर हात ठेवून : स्पष्ट टकटक. म्हणजे ढिलाई स्टेअरिंगच्या रांगेत आहे, चाकाच्या उभ्या आधारात नाही.

डाव्या टायरवरून तळहात फिरवला. आतून बाहेर गुळगुळीत, बाहेरून आत आणताना कडा टोचतात. आतली कड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजली आहे : आत ३.१ मि.मी., बाहेर ५.८. चाकं पुढून उघडी चालत आहेत. ते जुळतंही. या गाडीला जोर मागच्या चाकांचा, पुढची चाकं नुसती ढकलली जातात. रस्ता त्यांना मागे रेटतो आणि सांधा ढिला असला की ती बाहेरच्या बाजूला उघडतात.

कासची फेरी बंद केली. घाटात उतारावर हे चालवायचं नाही. गावातली फेरी निम्म्या मालावर, ताशी ३० च्या आत.

१७ ऑगस्ट, रविवार. मीटर ३८,६९० कि.मी.

बाहेरचा टाय रॉड एंड बदलला. ₹६५०. आज जे केलं ते चूक होतं हे रात्री उमगलं, पण क्रमाने लिहिते.

टाय रॉड एंड हा बाहेरचा, डोळ्यासमोरचा सांधा. त्याचं रबर थोडं तडकलं होतं, हाताने हलवताना खेळही जाणवला, म्हणून आम्ही दोघांनीही तोच दोषी धरला. कॉटर पिन काढली, नट सैल केला, पण नट पूर्ण काढला नाही. दोन आटे राहू दिले म्हणजे सांधा सुटल्यावर आर्म एकदम खाली पडत नाही. टेपरमध्ये बसलेला पिन सुटायला पुलर लावला. दोन दातांच्या फाळ्याने ठोकून काढायची पद्धत आहे, पण त्यात रबर फाटतंच. पुलर नसेल तर नकलच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या तुकड्याच्या, डोळ्यावर दोन बाजूंनी दोन हातोड्या एकाच वेळी मारतात, तीही चालते.

काढण्याआधी चेकनटपासून (सांधा जागी पक्का धरणारा नट) टोकापर्यंतचे आटे मोजले, २२ भरले. नवा त्याच मापावर बसवला आणि टो, म्हणजे पुढची चाकं पुढून किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते, मोजायला घेतला.

पद्धत लिहून ठेवते, कारण मशीन नसताना हीच कामाला येते. चाक उचलून फिरवायचं, टायरच्या मध्यावर खिळा टेकवून चुन्याच्या पट्ट्यावर बारीक रेघ ओढून घ्यायची. दोन्ही चाकांना. गाडी खाली सोडायची, थोडी पुढे ढकलायची म्हणजे चाकं स्वतःच्या जागी बसतात. मग चाकाच्या मध्याच्या उंचीला, पुढच्या बाजूला दोन रेघांमधलं अंतर घ्यायचं. गाडी अर्धा फेरा पुढे ढकलायची, म्हणजे त्याच खुणा मागच्या बाजूला येतात, पुन्हा अंतर घ्यायचं. दोन्हीतला फरक म्हणजे टो. पुस्तकाप्रमाणे या गाडीला ० ते २ मि.मी. आत हवा.

जागा नव्हती म्हणून आम्ही गाडी मागे ढकलून मोजलं, १ मि.मी. आत मिळाला. दादाने हात पुसले. मला चैन पडेना, म्हणून पुन्हा मोजलं. यावेळी गाडी पुढे ढकलून. आकडा वेगळाच आला. पुन्हा पुढे ढकलली : ४ मि.मी. उघडा. मागे ढकलली : १ मि.मी. आत. पट्टी खोटी नव्हती, रेघाही त्याच. ढकलायची दिशा बदलली की टो बदलतोय, म्हणजे रांगेत अजून एक सांधा हलतोय. आम्ही फक्त बाहेरचा बदलला होता.

घरी जाताना बॉम्बे रेस्टॉरंट चौकाच्या पुलाखाली खड्ड्यात चाक गेलं. टक.

१८ ऑगस्ट. मीटर ३८,७०२ कि.मी.

मूळ सापडलं.

यावेळी चाकं जमिनीवर ठेवूनच तपासलं. मामा स्टेअरिंगवर, गाडी बंद, दोन्हीकडे बोटभर बोटभर हलवत राहायचं. मी खाली, हात एकेका सांध्यावर. नवा टाय रॉड एंड घट्ट. मग रॅकच्या टोकाला असलेलं पन्हाळीदार रबर, म्हणजे बूट, मुठीत दाबून आतला गोळा चाचपला. तिथे प्रत्येक हेलकाव्याला हाताला टोला बसत होता. आतला रॅक एंड, म्हणजे रॅकच्या टोकाला गोळ्याने जोडलेला आतला रॉड.

बूटची बारीक क्लिप कापली आणि रबर मागे सरकवलं तर आतून चहाचा अर्धा कप भरेल इतकं लाल पाणी आलं. कासच्या पठारावरची जांभ्याची माती आहे ती, हाताला ओळखू येते. बूट दुसऱ्या घडीत खालच्या बाजूने चिरलेला, वरून बघितलं तर दिसतही नाही. जूनपासूनचा पाऊस त्या चिरेतून आत गेला, ग्रीस धुऊन निघालं, आणि माती-पाण्याच्या त्या लगद्याने गोळा आणि त्याची वाटी पॉलिश पेपरसारखी घासली.

बाहेरच्या सांध्याला मी १३ तारखेला जो खेळ धरला होता, तो बहुतेक आतल्याचाच होता, रॉडमधून माझ्या बोटांपर्यंत येणारा. चाक हलवून बघितलं, पण प्रत्येक सांधा वेगळा पकडला नाही. अर्धा तास वाचवला आणि आठवडा घालवला. पण जुना टाय रॉड एंड चिरलेल्या रबराचा होताच, त्यामुळे ते ६५० रुपये वाया गेले असं मी म्हणणार नाही.

गाडी आता रस्त्यावरून पूर्ण बंद. आतला गोळा वाटीतून निसटला तर ते चाक स्टेअरिंगचं ऐकणारच नाही. मालासाठी भाड्याचा टेम्पो लावला, दिवसाला ₹१,४००. लागले तर लागू देत.

२० ऑगस्ट

रॅक एंड पुण्याहून उद्या येतोय, ₹१,२८०. बूट किट दोन्ही बाजूंची, ₹८४०. उजवा बूट अजून फाटलेला नाही, पण घड्यांच्या तळाशी बारीक तडे आहेत. पुढच्या पावसापर्यंत तो टिकणार नाही.

२१ ऑगस्ट

हत्यार बनवलं, आणि त्याबद्दल सविस्तर लिहायचं आहे.

रॅक एंडच्या डोक्याला पाना धरायला दोन सपाट बाजू असतात. बाजूने मोठा पाना घालून तो सोडवणारे पुष्कळ. पण या गाडीत बाजूला सबफ्रेम, म्हणजे खालची लोखंडी चौकट, आहे, पाना जेमतेम पाव फेरा फिरतो. पाइप रेंच लावला तर डोकं चावलं जातं आणि कसताना किती जोर लागला हे कळत नाही. तयार हत्यार साताऱ्यात दोन दुकानांत विचारलं, मिळालं नाही.

दादाच्या शेजारी लेथ चालवणारे चाचा आहेत. त्यांना नवा आलेला रॅक एंड हातात दिला. ते दोन मिनिटं नुसते फिरवून बघत होते. मग म्हणाले, "रॉड पोटात घेईल असा पाइप पाहिजे तुला." नेमकं तेच. ३५० मि.मी. लांबीचा, दोन इंची जाड पाइप घेतला, कारण आतला रॉडच २६० चा आहे आणि तो पूर्ण आत मावला पाहिजे. एका तोंडाला १० मि.मी.ची प्लेट, तिच्यात डोक्याच्या सपाट बाजूंच्या मापाची खाच. दुसरं तोंड बंद करून बरोबर मध्यावर एक मोठा नट वेल्ड केला, म्हणजे त्यावर सॉकेट बसतं. फायदा असा की जोर सरळ रेषेत जातो. बाजूने जोडपाना लावला की टॉर्क रेंचचा आकडा बदलतो, हिशेब करावा लागतो. इथे रेंच जे दाखवतो तेच सांध्याला लागतं.

चाचांनी खाच आधी मुद्दाम अर्धा मि.मी. लहान ठेवली आणि कानशीने घासत मापाला आणली. मजुरी ₹३५० म्हणाले, मी ५०० दिले. ते नको म्हणत होते.

२४ ऑगस्ट, रविवार. मुख्य काम.

सकाळी ८ ला सुरुवात, दुपारी ३ ला शेवट. जेवायला थांबलो तेवढाच खंड.

आधी सुरक्षा. या कामात मोठ्या दाबाच्या विजेला हात लावायचा नाही, तरी चार्जर पुढच्या भागात असल्यामुळे नारिंगी केबल डाव्या चाकामागून जाते, आणि आपण तिथे लोखंडी पाइप फिरवणार. चावी मामांच्या खिशात, गाडीपासून लांब. ही गाडी 'रेडी' असली तरी आवाज करत नाही, खाली झोपलेल्या माणसाला कळायला मार्ग नसतो. १२ व्होल्ट बॅटरीची निगेटिव्ह काढली. दादाने रबरी हातमोजे घालून सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीची जोडणी तोडणारा) काढला आणि आम्ही दहा मिनिटं नुसते थांबलो, कारण प्लग काढल्यावरही इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज राहते. हे प्लगचं काम शिकलेल्या माणसानेच करावं.

जॅक फक्त पुस्तकात दाखवलेल्या जागी, लाकडाचा ठोकळा ठेवून. मधल्या सपाट भागाखाली जॅक कधीच लावायचा नाही, तिथे बॅटरी आहे. दोन घोड्या लावल्या, मागच्या चाकांना दगड.

डावं चाक काढलं. टाय रॉड एंड सोडला. काढण्याआधी एक माप घेतलं जे मागच्या रविवारी घ्यायला हवं होतं : आतल्या गोळ्याच्या मध्यापासून बाहेरच्या गोळ्याच्या मध्यापर्यंतची पूर्ण लांबी. नुसत्या आट्यांच्या मोजणीवर विसंबायचं नाही. नव्या भागाचा रॉड दोन मि.मी. कमी-जास्त असला की तेवढेच आटे मोजूनही लांबी चुकते. आणि चुकीचा परिणाम मोठा होतो. आटा १.५ मि.मी.चा, आमच्या स्टेअरिंग आर्मची लांबी १२० मि.मी., टायरचा व्यास साधारण ५४० मि.मी. एक पूर्ण फेरा चुकला तर १.५ ला १२० ने भागून ५४० ने गुणायचं : पावणेसात मि.मी. टो फिरला. हवा तर आहे फक्त ० ते २.

बूट काढला. स्टेअरिंग उजवीकडे वळवून रॅकचा डावा दांडा बाहेर घेतला. १२ व्होल्ट नाही म्हणजे स्टेअरिंगला मोटरची मदत नाही, पण चाकं अधांतरी असल्यामुळे हाताने फिरतं.

आता तो प्रश्न, ज्याच्यावर सगळं अवलंबून होतं : रॅकचा दांडा कसा आहे? त्यावर गंजाचे खड्डे असते तर मी स्वतः सर्व्हिस सेंटरला जाऊन पूर्ण असेंब्लीची ऑर्डर दिली असती. खड्डे पडलेला दांडा आतल्या बुशला खातो, आणि नवा सांधा लावून ते लपत नाही. त्यांचा सल्ला या शक्यतेपुरता बरोबरच होता, फक्त बघून द्यायला हवा होता. डिझेलमध्ये भिजवलेल्या कापडाने दांडा पुसला, टॉर्चच्या उजेडात सगळीकडून बघितला, नख फिरवलं. टोकाशी तपकिरी डाग होते, ते पुसून गेले. खाली चकचकीत पोलाद. वर-खाली दाबून पाहिलं, बुशमध्ये खेळ नाही. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फिरवताना कुठे अडखळत नाही. पाणी वेळेत सापडलं.

लॉक वॉशरचे दुमडलेले कान छिन्नीने सरळ केले. दांड्याच्या सपाट भागावर दादाने पाना धरला. हे महत्त्वाचं, नाहीतर सगळा पीळ आत पिनियनच्या, म्हणजे दांडा सरकवणाऱ्या छोट्या चाकाच्या, दातांवर जातो. पाइप चढवला, सॉकेट लावलं. जोर लावला आणि कड असा एक आवाज होऊन सुटला. चाचांचं हत्यार अर्धा मि.मी.सुद्धा घसरलं नाही.

जुना गोळा हातात घेतला तर तो स्वतःच्या वजनाने लटकत होता. नवा इतका घट्ट की रॉड जिथे ठेवाल तिथे आडवा राहतो.

नवा रॅक एंड, नवा लॉक वॉशर, पुस्तकातला ८० न्यूटन-मीटर टॉर्क. कान दुमडले. दांड्यावर आणि गोळ्यावर ग्रीस. बूट चढवताना तो पिळलेला राहू नये म्हणून रॉडच्या खाचेला ग्रीस लावलं. मग चेकनट फिरवताना रॉडबरोबर रबर वळत नाही. क्लिपा नव्या. बाहेरचा सांधा, पूर्ण लांबीच्या मापावर. नवी कॉटर पिन. भोक जुळलं नाही तर नट पुढे कसून जुळवायचा, मागे सैल करून नाही.

उजवा बूटही बदलला. उजवा रॅक एंड घट्ट आहे, त्याला फक्त ग्रीस.

प्लग, निगेटिव्ह जोडून गाडी चालू केली तर स्टेअरिंगचा पिवळा दिवा पेटलेला. माझ्या पोटात गोळा आला. दादाने स्टेअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं, परत मध्यावर आणलं. दिवा गेला. बॅटरी काढल्यावर कोनाची आठवण पुसली जाते, ती अशी परत भरते.

मग चुन्याच्या रेघा. पुढे ढकलून १.५ मि.मी. आत. मागे ढकलून १ मि.मी. आत. पुन्हा पुढे, १.५. मी चार वेळा मोजलं.

२५ ऑगस्ट. मीटर ३८,७१५ कि.मी.

कॉम्प्युटर अलाइनमेंट, ₹४५०. मशीनने टो १.३ आत दाखवला, १ वर आणला. स्टेअरिंग सरळ धरून दोन्हीकडचे रॉड सारखे फिरवून घेतले, आणि स्कॅनरने शून्य कोन पुन्हा नोंदवला. हे राहिलं तर सरळ रस्त्यावरही मोटरची मदत एका बाजूला ओढत राहते. डावं-उजवं टायर मागे टाकले, मागचे पुढे.

मोकळा खेळ आता १ सें.मी.

२६ ऑगस्ट, हरतालिका

चार फेऱ्या, पूर्ण माल. आवाज नाही.

७ सप्टेंबर, रविवार. मीटर ३९,४९० कि.मी.

काल विसर्जन झालं, आज गाडीला सुट्टी. सगळे नट टॉर्क रेंचने तपासले, चेकनट जागेवर. डावा बूट दाबून बघितला, कोरडा. जॅकवर ९ आणि ३, शून्य खेळ.

उजव्या रॅक एंडचं ठरवायचं होतं. २२ तारखेपासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर येतोय, दादा म्हणाला तेव्हाच घेऊ. घट्ट असलेल्या सांध्याबाबत मी थांबायला तयार आहे. डाव्याच्या बाबतीत शंभर रुपयांसाठी एक दिवसही थांबले नसते.

२८ सप्टेंबर, रविवार. मीटर ४०,८६० कि.मी.

उजवा रॅक एंड ₹१,१८० ला आला, बसवला. दोन तास लागले, हत्यार हाताशी होतं. टो पुन्हा १. पुढच्या टायरवरून हात दोन्ही दिशांनी सारखा फिरतो. पावसाळ्यात बूट दर पंधरा दिवसांनी आरशाने खालून बघायचे, हे मामांच्या वहीत त्यांच्याच अक्षरात लिहून घेतलं.

दुपारी मामा कासच्या फेरीला गेले. संध्याकाळी परत आल्यावर म्हणाले, "ताई, घाटात आता मागनं क्रेटचा आवाज येतोय." जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून क्रेटखाली टाकल्या.